हात लावावा

गुलाब पेंटरनं सवयीनंच लिहिलं,
पिवळ्यावर काळं, ठसठशीत :
हात लावू नये.
तीस वर्षं बागांच्या पाट्या रंगवतोय तो,
त्याच्या कुंचल्याला दुसरं वाक्यच ठाऊक नाही.
मी म्हटलं, काका, इथं लावायचाय हात.
तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात गेला.
"मंग पाटी कायले पायजे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं.
अर्जात होतं, साडेचार पानं,
त्यात "नागरिकांचा सहभाग" अकरा वेळा.
त्यानं पिवळ्याचा एक हात मारला
आणि वरून लिहिलं : हात लावावा.

बिनाकीतली ही बाग म्हणजे
दोन कडुलिंब, एक मोडकी घसरगुंडी
आणि व्यायामाचं एक यंत्र,
ज्यावर समोरच्या बाई गोधड्या वाळवतात.
तिथं मी सतरा लोखंडी पाइप बसवले,
भंगारातून किलोवर आणलेले.
शकीलभाई कापत गेले,
मी मोबाइलवर सूर मोजत गेले.
"और सूतभर?"
सूतभर कमी केला की पाइप चढतो
हे त्यांच्या कानाला माझ्याआधी कळलं.

पहिल्या दिवशी पोरांनी दगडांनी वाजवले.
दुसऱ्या दिवशी टिपऱ्या गेल्या, साखळीसकट.
तिसऱ्या दिवशी पंचमात खर्र्याची पन्नी,
धैवतात चिंचोके,
आणि आडव्या, जाड, मंद्र षड्जात
एक मांजर, जिला माझा राग आला.
गाणं कुणीच वाजवलं नाही.
मला वाटलं होतं, वाजवतील.

मग सदाराम हेडाऊ आले.
बंडी, पट्ट्यापट्ट्याची चड्डी, ऐकू कमी.
माग विकून बावीस वर्षं झालीत,
मागाच्या खड्ड्यावर फरशी टाकून
आता सुनेची वॉशिंग मशीन.
ते पाइपांपुढं बसले, बसतात तसे,
म्हणजे पाय खाली सोडायला जागा शोधत.
उजवा हात, डावा हात, टाच.
खट् खटक्. खट् खटक्.
सूर कुठला लागतोय याच्याशी त्यांचं घेणंदेणं नव्हतं.
मधेच थांबले.
वाकून हवेत काहीतरी जोडलं चिमटीनं,
अंगठा जिभेला लावून पीळ दिला,
आणि पुन्हा खट् खटक्.
रस्त्यापलीकडं दारात डाळ निवडणारी म्हातारी
सुपावरून मान न उचलता ओरडली,
"हळू मारून राहिले तुमी, काठ ढिला येईन!"
त्यांना ऐकू गेलं नाही.
मला गेलं.
त्या रात्री अर्ज काढून वाचला,
त्यात काठ कुठंच नव्हता.

मे आला. सेहेचाळीस.
अकरानंतर लोखंडाचा तवा.
एका पोरीची बोटं पोळली,
तिच्या आईनं फोनवर मला जे सुनावलं
त्यात सहभाग पुरेपूर होता.
चौकीदार यादोरावनं कुणाच्या तरी कूलरमधली जुनी खस
ओली करून पाइपांना गुंडाळली, सुतळीनं.
बागेला वाळ्याचा वास सुटला
आणि सतराही पाइप मुके झाले.
पाटीवरचा पिवळा उन्हानं सोलला,
खालून जुनी अक्षरं वर आली.
आता "लावावा"च्या आरपार "लावू नये" वाचता येतं,
आणि कुठलं वर, कुठलं खाली, नीट सांगता येत नाही.
मी गुलाब पेंटरला फोन केला.
तो जेवत होता.
"राहू द्या ना मॅडम, दुपारची हाय ते."

पहाटे पाचला यादोराव सुतळी सोडतो.
हेडाऊ त्याच्याही आधी आलेले असतात.
एकेका पाइपाला हाताची पाठ टेकवून बघतात,
सतराव्यापर्यंत जातात, परत पहिल्याकडं येतात.
कालचं ऊन अजून आत आहे, म्हणतात.
आणि कडुलिंबाखाली बसतात,
ते निघून जाईपर्यंत.